लेकीच्या पाया पडणारा बाप

२ मार्च २०२५ रोजी, रविवारी, जीवन साउदने दुपारच्या आत ३,४८५ रुपये खर्च केले. एक साडी, टॉवेल-टोपीचे चार जोड, पाच नारळ, दोन किलो पेढे आणि पंचवीस खुर्च्यांचे भाडे एवढे त्यात बसले. त्याच्या एकुलत्या एका मुलीला, काजलला, कुंकू लावायला साखरखेर्ड्याचे पाहुणे येणार होते. घर भाड्याचे होते, पण घरमालकीण रुखमाबाईने स्वतःचा ओटा शेणाने सारवून दिला होता आणि चहाचे भगोनेही तिचेच होते.

देऊळगाव राजात जीवनला जीवन म्हणून ओळखणारी माणसे थोडी. बाजारपेठेला तो बहादूर. रात्री शिटी वाजवत, काठी आपटत पेठेतून फिरायचे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानादुकानांतून गस्तीचे पैसे गोळा करायचे, हे त्याचे काम. नेपाळच्या पश्चिमेकडे अछाम नावाचा डोंगराळ जिल्हा आहे, तिथला तो. १९९७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावातल्या एका माणसाचे बोट धरून तो मलकापूरला उतरला. तो माणूस एका जिनिंगवर चौकीदार होता. जीवनने तिथे कापसाचे दोन हंगाम काढले. हंगाम संपला की पगारही संपायचा. तेवढ्यात कोणीतरी सांगितले, की देऊळगावच्या पेठेला गुरखा पाहिजे. तो आला आणि राहिला.

पहिल्या दोन वर्षांत तो ‘मले-तुले’ शिकला. २००० साली लग्न करून त्याने महामायेला आणले. तिला रुखमाबाईने भाकरी थापायला शिकवली आणि ठेचा वाटायला शिकवला. काजल इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मली. गावाकडे आईबाप होते तोवर जीवन तीन वर्षांतून एकदा जात असे. ते गेल्यावर वाटेचे भाडेही उगाच वाटू लागले. शेताचा तुकडा भाऊ कसतो. घरात नवराबायको आपल्या डोंगरी बोलीत बोलत. काजलला ती सगळी समजायची, पण उत्तर ती वऱ्हाडीत द्यायची. जीवनने त्यावर कधी हट्ट धरला नाही. भाषा गेली, जेवण बदलले, सण इथल्या सणांत मिसळले. नवरात्रात महामाया मातीत जव पेरायची, तसे रुखमाबाईच्या घटातही धान उगवायचे, त्यामुळे त्यात कोणाला वेगळे काही दिसले नाही.

एक गोष्ट मात्र जीवनने सोडली नव्हती. त्याच्या मुलुखात लेक बापाच्या पाया पडत नाही. बाप लेकीच्या पाया पडतो. दसऱ्याला, प्रवासाला निघताना, कुठल्याही शुभकार्यात आईबाप आणि थोरले भाऊ मुलीच्या पायांवर कपाळ टेकवतात. मुलगी वाकली तर पाप लागते ते बापाला. जीवनच्या आजीने तिच्या शेवटच्या दसऱ्याला नातीच्या, म्हणजे जीवनच्या नऊ वर्षांच्या बहिणीच्या पायांवर डोके ठेवले होते. हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

काजल सातवीत असताना दसऱ्याच्या संध्याकाळी तिची मैत्रीण अश्विनी सोने द्यायला आली. तिने दारातून पाहिले, की काजलचा बाप काजलच्या पायांवर डोके टेकवून बसला आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत अश्विनीने सगळ्यांदेखत विचारले, “काऊन वं, तुह्या बापानं काय चोरलं होतं?” काजल त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. त्या वर्षापासून दसऱ्याला दहा मिनिटे दार लावून घ्यायचे, असा नियम झाला. जीवनने तो पाळला. त्यामुळे शाळेतली गोष्ट शाळेतच राहिली आणि पेठेतल्या कोणाला या रिवाजाचा पत्ता लागला नाही.

हे स्थळ कसे जमले तेही सांगितले पाहिजे. या भागात शेडनेट फार. हिरव्या जाळीच्या घरात मिरची, टोमॅटो, वांगी लावायची आणि त्यांचे बी कंपन्यांसाठी तयार करायचे. एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या कळीवर चिमट्याने, हाताने लावावा लागतो. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि ते काम बायकांच्या टोळ्या करतात. बारावीनंतर काजल आईबरोबर टोळीत जाऊ लागली आणि तीन वर्षांत टोळीची मुकादम झाली. तिच्या हाताखाली चौदा बाया होत्या. मागच्या हिवाळ्यात ही टोळी दोन महिने साखरखेर्ड्याला शेषराव मेहेत्रे यांच्या शेडनेटवर होती. शेषरावांचा मुलगा शिवम एकतीस वर्षांचा. शेती चांगली, पाणी बारमाही, मुलगा निर्व्यसनी. पण सतरा ठिकाणांहून नकार आलेला. मुलींना पुण्याचा नोकरीवाला हवा होता. शिवमची आई शालूबाई दोन महिने काजलचे काम पाहत होती. टोळी जायच्या दिवशी तिनेच महामायेपाशी विषय काढला.

काजलला विचारले तेव्हा तिने विचार करायला आठ दिवस घेतले. मग म्हणाली, की शेडनेटचा कारभार तिच्याकडे राहणार असेल तर तिची ना नाही. शिवमने ते लगेच मान्य केले. गावात थोडी थट्टा झाली. शेषरावांचे थोरले चुलतभाऊ दयाराम पारावर म्हणाले, “शेषरावनं आता घरातच हायब्रीड आणलं.” लोक हसले, शेषरावही हसले. शिवमचे वय पाहता हसण्यापलीकडे त्यांना काही करता येण्यासारखे नव्हते.

तर २ मार्चला शेषराव, शालूबाई, शिवम, दयाराम आणि आणखी एक नातेवाईक असे पाच जण आले. बोलणी आधीच झालेली होती. लग्न साखरखेर्ड्याला, जेवणाचा खर्च मुलाकडचा, कपडे ज्याचे त्याने करायचे. शालूबाईने काजलला कुंकू लावले, साडी दिली, ओटी भरली. जीवनने शालूबाईला साडी आणि पुरुषांना टॉवेल-टोपी दिली. मग रुखमाबाई काजलला म्हणाली, की सगळ्यांच्या पाया पड. काजल ओळीने पडत गेली. शेषराव, शालूबाई, दयाराम, मग रुखमाबाई. शेवटी रुखमाबाईने तिला खांद्याला धरून आईबापाकडे वळवले.

जीवन पटकन मागे सरला. आणि शुभ प्रसंगी जे तो चोवीस वर्षे करत आला होता ते त्याने सवयीने केले. गुडघे टेकले आणि मुलीच्या पायांवर कपाळ ठेवले. दार लावलेले नाही, किंबहुना इथे ओट्यावर दारच नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

दयाराम शेषरावांकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बाप पोरीच्या पाया पडून राह्यला. काय केलं असंन बे यानं तिचं?”

जीवनने सांगायचा प्रयत्न केला, की आमच्यात असे असते. पण घाईत त्याची अर्धी वाक्ये डोंगरी बोलीत गेली आणि ते आणखीच संशयाचे वाटले. या मुलुखात मोठा माणूस लहानाच्या पाया पडतो तो एकाच कारणाने, हातून काही वाईट घडले असेल तर. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. दयारामांना दिलेला टॉवेल खुर्चीवर तसाच राहिला.

तीन दिवसांत साखरखेर्ड्यात चार कहाण्या तयार झाल्या. मुलगी त्याची नाहीच, आणलेली आहे. मुलीचे नेपाळात आधी एक लग्न लावून दिले होते आणि मोडले. बापाने मुलीच्या कमाईवर कर्ज काढले. चौथी कहाणी सांगण्यासारखी नाही. शेषरावांचा फोन रुखमाबाईला आला. ते भले गृहस्थ. त्यांनी स्वतःला संशय आहे असे म्हटले नाही. लोक विचारतात, एवढेच म्हणाले. आणि त्यावर उपायही सांगितला. लग्नात मांडवात नवरानवरी सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, तशी काजल भरमांडवात आईबापाच्या पाया पडली पाहिजे, आणि बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला पाहिजे. चार लोकांनी ते पाहिले, की तोंडे बंद. हे जमत नसेल तर मात्र पुढचे कठीण आहे.

रुखमाबाईला ही अट अगदीच साधी वाटली. महामायेलाही. तिने नवऱ्याला सांगितले, की इथे आल्यापासून आपण सगळेच सोडले, हे एक सोडल्याने काय बिघडते. देव काय फक्त अछामात बसून पाहतो का. काजल दोन दिवस नेहमीसारखी कामावर गेली. तिसऱ्या दिवशी टोळीवरून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “बा, मी पडतो पाया. तू डोये मिटून घे. एका मिन्टाचं काम आहे.”

जीवन म्हणाला, “मिन्टाचंच आहे. पन मग मी तुह्या बापासारका नाही राह्यत.”

“मले सासर पाह्यजे का तुहा रिवाज पाह्यजे, हे तरी इचारलं का तू?”

खरे तर त्याने विचारले नव्हते. मुलगी चोवीस वर्षांची झाली होती, तिने स्थळ स्वतः पसंत केले होते, आणि ते मोडले तर दुसरे कुठून येणार हे त्याला ठाऊक नव्हते. नेपाळातला मुलगा तिला चालला नसता, आणि इथला शिवमसारखा पुन्हा मिळाला नसता. दुसरीकडे मुलीने पायावर डोके ठेवावे आणि आपण ते उभे राहून घ्यावे, हे त्याच्याच्याने होण्यासारखे नव्हते. इतकी वर्षे तो दुसऱ्यांच्या दुकानांची कुलपे हलवून पाहत आला होता. स्वतःच्या घरात राखायला त्याच्याकडे हे एवढेच होते.

सोमवारी, १० मार्चला, गस्तीवरून आल्यावर त्याने अंघोळ केली आणि न झोपता साखरखेर्ड्याची बस धरली. शेषराव शेतावर होते. शेडनेटमध्ये बियाण्याची लाल मिरची तोडणे चालू होते आणि शालूबाई सावलीत बसून मिरची निवडत होती. तिखटाने तिचे डोळे लाल झाले होते. जीवनला बसायला भाज्यांचे क्रेट उलटे करून दिले. शिवम पाणी आणून देऊन जाळीत निघून गेला. आपल्याच लग्नाच्या बोलण्यात त्याला तोंड घालवेना.

जीवनने वाटेत वाक्ये जुळवून आणली होती. आमच्याकडे मुलगी म्हणजे घरात उतरलेली देवी. जन्मभर तिच्या पाया पडायचे, आणि सासरी जाताना तिचे पाय धुऊन ते पाणी तोंडाला लावायचे. नुसता बाप नाही, सगळे माहेर. यात गुन्हा नाही, मान आहे. मी इथे आलो, इथला झालो, तुम्ही म्हणाल तसे लग्न करतो. एवढे एक सोडून मागा.

शेषरावांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “भाऊ, तुमचं खरं असंन. पन गावाले कोन समजावून सांगंन? आमच्यात जावयाचे पाय धुतेत. पोरीचे नाही.”

“जावई आज आला,” जीवन म्हणाला. “पोरगी चोवीस वर्सं घरात आहे. मग तिचे काऊन नाही?”

शालूबाईने निवडणे थांबवले होते. तिने पदराने डोळे पुसले, ते तिखटामुळे की कशामुळे हे सांगता येत नाही. ती नवऱ्याला म्हणाली, “माह्या बापानं तुमचे पाय धुतले तवा मी बाजूलेच उभी होतो. पानी माह्याही पायावर उडालं होतं. तेवढंच.” आणि पुन्हा मिरची निवडू लागली.

यानंतर तोडगा निघायला तास लागला. तो शेषरावांनी काढला. मांडवात जावयाचे पाय धुतात त्याच वेळी, त्याच परातीत जीवनने दोघांचेही पाय धुवावेत. गुरुजींना आधी सांगून ठेवायचे. त्यांनी माइकवरून तो विधी असल्यासारखे सांगायचे, म्हणजे ते मांडवातले कार्य होईल, कोणाची माफी मागणे वाटणार नाही. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना काजलने आईबापाला उभ्यानेच हात जोडायचे, गर्दीत ते कोणाच्या लक्षात येणार नाही. जीवनने मात्र कपाळ टेकवायचे नाही आणि ते पाणी प्यायचे नाही. ते पाहून दयारामदादा पंगतीतून उठतील.

जीवनने विचार केला. अर्धे मिळत होते, अर्धे जात होते. त्याने शब्द दिला. घरी आल्यावर त्याने महामायेला ठरले ते सांगितले. ती फक्त म्हणाली, की भाकरी झाकून ठेवली आहे.

लग्न ११ मे रोजी साखरखेर्ड्याला मेहेत्र्यांच्या दारातच झाले. मुलाकडची चारशे माणसे आणि मुलीकडची एकतीस. त्या एकतिसांत रुखमाबाईचे घर, पेठेतले सात दुकानदार आणि काजलच्या टोळीतल्या चौदा बाया होत्या. ऊन इतके होते, की मांडवाचे कापड तापून वास येत होता. वेळ आली तशी गुरुजींनी माइक हातात घेऊन सांगितले, की आता वधूपिता वर आणि वधू दोघांचेही पादप्रक्षालन करतील. चारशे माणसांतल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलेही नाही, कारण पहिली पंगत बसायला सुरुवात झाली होती.

जीवनने पितळी परातीत आधी शिवमचे पाय धुतले, मग काजलचे. काजल समोर पाहत होती. सातवीपासून दर दसऱ्याला ती पाय थोडा मागे घ्यायची, तसा आज घेतला नाही. त्याने शब्द पाळला. कपाळ टेकवले नाही, ओंजळ तोंडाकडे नेली नाही. नुसते ओले हात स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि उठला. मग महामाया बसली. तिनेही दोघांचे पाय धुतले, आणि परातीतल्या पाण्यात तीन बोटे बुडवून ती ओठांना लावली. शब्द जीवनने दिला होता, महामायेने नव्हता. दयाराम तेव्हा पंगतीत पानाशी होते. शालूबाईने पाहिले आणि पदर सावरला.

गुरुजी पुढच्या विधीला लागणार तोच रुखमाबाई उठली. जीवनने तिला एकदा सांगितले होते, की गावाकडे सगळे माहेर एकेक करून मुलीचे पाय धुते. ते तिने लक्षात ठेवले होते. गुरुजींनी तिला विचारले, की तुम्ही मुलीच्या कोण?

“मी?” रुखमाबाई म्हणाली. “तिचं पयलं लंगोट मीच शिवलं. सरका.”

तिच्यामागून टोळीतल्या चौदाही बाया उठल्या. हा मेहेत्र्यांच्या घरचा रिवाज आहे असे त्यांना वाटले, की मुकादमीणबाईचे पाय धुवायला मिळतात याची गंमत वाटली, हे त्यांनाच ठाऊक. एकीने पाय धुता धुता काजलला टोमणा मारला, की सुट्टी मागितली तेव्हा ही आमच्याशी बोलत नव्हती, आणि आज आम्ही हिचे पाय धुतो. काजल पहिल्यांदा हसली. दोन दुकानदारही आले. शिवमचे पाय सुरकुतले, पण तो हलला नाही. मुलाकडच्या बायका कडेने उभ्या राहून पाहत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने शालूबाईला विचारले, की हे काय चालले आहे. शालूबाई म्हणाली, की मुलीकडचे लोक आहेत, त्यांच्यात आधी मुलगी असते.

गावात चार दिवस बोलणे झाले आणि मग दुसरा विषय निघाला. आधीच्या कहाण्या खोट्या ठरल्या असे कोणी म्हटले नाही. पण त्या पुन्हा कोणी सांगितल्या नाहीत. दयाराम अजूनही म्हणतात, की गुरख्याने शेषरावला गुंडाळले. जेवण मात्र त्यांनी पोटभर केले होते.

आठ दिवसांनी काजल आणि शिवम परतणीला देऊळगावला आले. दारात जीवन मुलीच्या पायांशी वाकला, आणि त्याच्या रिवाजाप्रमाणे जावयाच्याही पाया पडायचे असल्याने शिवमकडे वळला. शिवम इकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच वेळी सासऱ्याच्या पाया पडायला वाकला. दोघांची डोकी आपटली. महामाया आणि काजल आत जाऊन हसल्या. शिवमच्या कपाळावर टेंगूळ आले, ते दोन दिवस राहिले. पुढच्या वेळी कोणी आधी वाकायचे हे अजून ठरलेले नाही. काजल सध्या शेडनेट पाहते. तिथे आता टोमॅटो आहे.

मांडवात त्या दिवशी पाय धुण्यात पाऊण तास जास्त गेला. गुरुजींना एक वाजताचे दुसरे लग्न होते. हा विधी ठरलेल्यात नव्हता, असे म्हणून त्यांनी वरचे दोनशे एक्कावन्न रुपये मागितले. जीवनने खिशात हात घातला, तेव्हा शेषराव सगळ्यांसमोर म्हणाले, की ते माझ्याकडे लागले. गुरुजींचे ते दोनशे एक्कावन्न रुपये शेषरावांकडून अजून यायचे आहेत.